सोनडाबरी कोणत्या तालुक्यात

विठ्ठलराव झोटिंगांचा डावा डोळा शंकरपटात गेला. बैलाच्या शिंगानं गेला असता तर त्यांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं असतं. गेला तो सख्ख्या साळ्याच्या तुतारीनं, म्हणजे बैल टोचायच्या काठीनं, अन् तेही मोबाईलमधल्या एका चुकीच्या ओळीपायी.

मोहखेड्याचा पट राळेगाव तालुक्यात नावाजलेला. संक्रांत झाली, कापसाचे वेचे घरात आले, की नाल्याकाठच्या पडीक जमिनीवर सरळ पट्टी आखतात, दोन्ही अंगाला दोर बांधतात. हलक्या छकड्यांना जुंपलेल्या जोड्या सुटतात त्या शेपटीला आग लागल्यासारख्या. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, छकड्यावर बसत नाही, लटकतो. पडला तर चाक अंगावरून जाते, अन् बघणारा आधी घड्याळाकडं बघतो, मंग त्याच्याकडं. विठ्ठलराव जवानीत नामी धुरकरी होते. आता शेवटच्या रेघेवर झेंडी धरणारे पंच. मोठ्या गटात बाहेरच्या जिल्ह्यातल्या जोड्याही पळतात, पण गावाची इज्जत लागते ती तालुका गटात. त्यात फक्त राळेगाव तालुक्यातल्या गावांच्या जोड्या.

मागच्या साली या गटात सोनडाबरीच्या भीमसिंग राठोडची जोडी पहिली आली. दुसरी आली ती पट कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव यांची. हे पंजाबराव म्हणजेच विठ्ठलरावांचे साळे. त्यांनी मंचावर मोबाईल वर धरला अन् भोंग्यावरून सांगितलं, "सोनडाबरी बाभूळगाव तालुक्यात दाखवून राह्यलं. जोडी गटाबाहेर. बाद!"

भीमसिंग घामानं भिजलेला तसाच मंचाखाली आला. "पंजाबभाऊ, गाव धरनात गेलं त्याले किती सालं झाली? सरकारनं आमाले तुमच्या शिवेवर आनून टाकलं. आमचं रेशन राळेगावात, मतदान राळेगावात. अन् बैल तेवढे बाभूळगावचे?"

"मी नाई म्हनत बाप्पा, फोन म्हनते."

"फोनले शेन कोन चारते मंग?"

लोक हसले. तिथंच बिघडलं. सोनडाबरी कुठं आहे हे त्या जागी जमलेल्या पोराटोरालाही माहीत होतं. पंजाबरावांना तर जास्तच, काहून की त्यांचं वावर सोनडाबरीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. पण फोन आपल्या सोयीचं बोलत असला तर त्याला खोटं कोण पाडेल?

मोहखेड्याच्या एका गड्यानं मागून येऊन भीमसिंगच्या खांद्यावर छकड्याचं जू हाणलं. हाड मोडल्याचा आवाज भोंग्याजवळ झाला, तो सगळ्या रानानं ऐकला. मंग सोनडाबरीवाल्यांनी छकड्यांच्या बाजूचे उभे दांडे, म्हणजे उभाऱ्या, उपसल्या. रसवंतीचे गिलास फुटले, ते हातात धरून लोक एकमेकांच्या तोंडावर ओढू लागले. एकाचा कान लोंबला. एक बैल दोरात पाय अडकून पडला अन् माणसं त्याच्या पोटावर पाय देऊन पलीकडं मारायला गेली. पंजाबरावांनी कमरेची तुतारी काढली. टोकाला खिळा लावलेली तुतारी पटात बंद आहे, पण बंद असलेली वस्तू ज्याच्याकडं असते त्यालाच आमच्याकडं मोठा माणूस म्हणतात. त्यांनी ती भीमसिंगवर ओढली, भीमसिंग वाकला, अन् सोडवायला मधात शिरलेल्या विठ्ठलरावांच्या डोळ्यात ती गेली. आवाज फार नाही झाला. पिकलं टेंभरू दोन बोटांत दाबल्यावर होतो, तेवढाच.

पोलीस आले तोवर शंभर माणसांनी ते पाह्यलं होतं, अन् एकानंही पाह्यलं नव्हतं. विठ्ठलरावसुद्धा "गर्दीत लागलं" एवढंच बोलले. बायकोचा भाऊ.

ज्या ॲपनं हे केलं ते विठ्ठलरावांच्या पोराचं, कपिलचं. कपिल यवतमाळात कॉम्प्युटर शिकला, नोकरीसाठी पुण्याला जाऊन आला, तिथलं पाणी मानवलं नाही, अन् राळेगावात बसस्टँडमागं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. पटातली भांडणं घड्याळावरून होतात, म्हणून त्यानं ॲप काढलं. सुटीच्या रेघेवर एक फोन, शेवटच्या रेघेवर एक, नोंदणीच्या टेबलावर एक, मंचावर एक. जोडीचं गाव निवडलं की तालुका आपोआप समोर येतो, पण मागच्या साली नोंदणीवाल्यानं तो न वाचताच सोनडाबरीची जोडी ओळखीनं तालुका गटात घातली होती. घड्याळावरची भांडणं खरंच मिटली. गावं अन् तालुके यांची यादी मात्र त्यानं कुठल्याशा जुन्या सरकारी पानावरून उचलून जशीच्या तशी ॲपात कोंबली होती. धरण यायच्या आधीची ती यादी. वाचायला कोण बसते?

बापाला यवतमाळच्या दवाखान्यातून आणलं त्या दिवशी कपिल म्हणाला, "आबा, आता पट बंद करा तुमचा."

"काहून? झेंडी धराले एक डोया पुरते."

"अन् थोबी गेला तं?"

"मंग भोंगा धरीन."

म्हातारा ऐकणार नव्हता. उजव्या डोळ्यातही आता बारीक पडदा येत होता, अन् डावीकडून कोणी आलं तर अंगावर येईपर्यंत कळत नव्हतं. पुढच्या पटात तुतारी निघाली तर ती त्याच बाजूनं येणार. कपिलला तेव्हापासून एकच धंदा. ती यादी अशी ठेवायची, की भोंग्यावरून पुन्हा खोटं निघू नये.

यवतमाळात त्याच्या वर्गातली सुरभी होती. कॉलेजांसाठी ॲप बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला. टपरीवर चहा पिता पिता तिनं विचारलं, "यादी ठेवली कुठं होतीस?"

"ॲपच्या पोटातच. कोडमध्येच लिहून टाकलती."

"कोडमध्ये? अबे, गाव-तालुका म्हणजे काय सूर्य आहे का, कधी बदलणारच नाही? धरण आलं, गाव उठलं, तालुका बदलला, अन् तू सिमेंटात गाडून मोकळा. सर्व्हरवर ठेव. एका जागी बदललं की सगळ्यांकडं बदलते."

"सर्वर! मोहखेड्याच्या नाल्यात टावर भेटते कुठं? एक दांडी येते, थेबी बाभईवर चढलं तं. अन् पटाच्या दिवशी साऱ्या तालुक्याचे लोकं रीळ टाकून राह्यले अस्ते. गाव शोधाले गेलं का फिरूनच राह्यली चकरी. तवरिक इकडं डोकी फुटतीन ना."

"मग दुरुस्त केलेलं नवीन ॲप काढ."

"काढलं. पन लोकं ॲप दुकानातून नाई घेत, एकमेकाच्या फोनातून घेते, बिजवाईवानी. कोनापाशी कोनतं वाण हाये, मले पत्ताच नाई लागत."

सुरभीनं गिलास खाली ठेवला. "मग यादी फोनातच ठेव, पण कोडच्या बाहेर. वेगळी पेटी कर. एका फोनात नवी यादी आली की बाजूच्या फोनला ती नेटशिवाय देऊन टाकेल. चारही फोन एकमेकांना शिकवतील."

"अन् कोनती नवी, कोनती जुनी, हे फोनले कसं समजन?"

"नंबर दे. एक, दोन, तीन. मोठा नंबर तो नवा."

"नंबराले कोन इचारते? तारीख देतो. तारीख लोकायलेबी समजते. यादी ज्या दिवशी फोनात बसली थे तारीख."

"तारखेवर भरोसा नको ठेवू."

"तारखेनं तुहं काय वाकडं केलं वो?"

ती हसली अन् बिस्कीट बुडवलं. विषय तिथं संपला.

दिवाळीत कपिलनं कच्चं ॲप तयार केलं. फोन फोनाला शिकवतो की नाही एवढंच बघायचं होतं, म्हणून यादी अजून जुनीच. मंचावरचा फोन पंजाबरावांचा, तेव्हा मामाच्या घरी जाणं आलं. मामा खाटेवर पालथे पडून फोनात बोट घालत होते. पोरीचं, खुशीचं लगन पुढच्या सालात करायचं चाललं होतं.

"ये भाच्या. पाय, पुढच्या सालचा वैशाख काहाडला. तारीख पुढं सरकवली का पंचांग आपोआप पुढं सरकते."

मामांनी पंचांगाची नाही, अख्ख्या फोनाचीच तारीख पुढं नेली होती. त्या दिवसापासून त्यांचं व्हाट्सॲप बंद पडलं, ते त्याला टावरची खोड म्हणत. बोलायला दुसरा साधा फोन होता, हा मोठा नुसता पटाच्या अन् पंचांगाच्या कामाचा.

कपिलनं फोन घेतला, ॲप टाकलं, परत दिला. एरवी तारीख त्याच्या नजरेतून सुटती ना. पण त्याची नजर फोनावर नव्हतीच. मामाच्या उजव्या हातावर होती. त्याच हातानं मामा मामीनं दिलेली चकली मोडत होते.

"दाजीचा डोया कसा हाये आता?" मामांनी चकली चावत विचारलं.

"हाये जाग्यावर. खड्डा."

"गर्दीत असंच होते बाप्पा."

कपिल उठला. दारातून बाहेर पडला अन् गोठ्याच्या खांबावर अशी मूठ मारली की पुढं चार दिवस स्क्रू धरता आला नाही.

मंग त्यानं यादी दुरुस्त केली. सोनडाबरी राळेगावात आणली, बाकी फोनांत घातली, एकमेकांसमोर ठेवून पाहिले. जुनी यादी नव्यापुढं गुमान खाली मान घालत होती. मामाचा फोन पटाच्या दिवशी येईल अन् तोही सुधरेल, असा त्याचा हिशेब.

आता एकच राहिलं होतं, भीमसिंगला सांगणं. कपिल गाडी घेऊन सोनडाबरीला गेला. भीमसिंग बैलांना सरकी घालत होता. त्याचा खांदा वाकडा जुळला होता, टोपलं उजव्या हातानं उचलायचं अन् डाव्यानं सांभाळायचं. त्याची म्हातारी आई सुखीबाई दारात बसली होती. तिनं आधी कपिलच्या गाडीकडं पाह्यलं, मंग त्याच्या तोंडाकडं.

"झोटिंगचा का तू? आमचं गाव पान्यात बुडालं तवा आमी रडलो. आता मोबाईलातबी बुडवून राह्यले तुमी?"

"नाई याडी. आता वर काहाडलं." कपिलनं तिला तिच्याच बोलीत 'आई' म्हणत फोन पुढं केला.

भीमसिंगनं वाचलं. दोनदा वाचलं. "ठीक हाये भिया. येतो. पन एक आयकून घे. या खेपेस भोंग्यावरून गाव खाली काहाडलं तं मी उभारी नाई आननार, कुऱ्हाड आनीन. अन् मधात कोनाचा बाप आला, हे नाई पायनार."

"नाई निंगनार भोंग्यावरून."

"तुह्या फोनच्या भरोशावर सांगून राह्यला का?"

"हो."

पटाच्या दिवशी सकाळी सगळं सुतासारखं चाललं होतं. नोंदणीच्या टेबलावर सोनडाबरी निवडलं की 'राळेगाव' येत होतं. जोड्या सुटत होत्या. एका फेरीत बाहेरच्या जोडीतला पांढरा बैल पट्टीच्या मधात घसरला, पुढचा पाय गुडघ्यातून उलटा फिरला अन् छकडा त्याच्यावरून उलथला. धुरकरी दोराच्या खांबावर तोंडानं आदळला. त्याला उचललं तेव्हा तो दात थुंकत विचारत होता, "किती सेकंद लागले?" बैलाला ट्रॅक्टरला बांधून ओढून नेलं, त्याची ओल्या मातीवर लांब रेघ उमटली, अन् पुढची जोडी त्या रेघेवरूनच गेली. पट असाच असतो. ज्याला बघवत नाही त्यानं कीर्तनाला जावं.

पंजाबराव दुपारी आले, पाहुण्यांना घेऊन, गुलाल लावून. मंचावर बसले, मोठा फोन काढून टेबलावर ठेवला. फोनानं बाकीच्यांना हाक दिली. बाकीच्यांनी त्याची तारीख पाहिली. पुढच्या सालचा वैशाख. एवढी नवी यादी त्यांनी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांनी गुमान माना खाली घातल्या अन् सोनडाबरी पुन्हा धरणात गेली. कोणाला काही समजलं नाही. कपिल त्या वेळी सुटीच्या रेघेवर बॅटरी बदलत होता.

तालुका गट सुटला. पंजाबरावांची जोडी चांगली पळाली. मंग भीमसिंगची आली. त्याच्या वाकड्या खांद्यामुळं तो छकड्यावर एका अंगानं लटकला होता, डोकं चाकापाशी, अन् बैलांनी पट्टी अशी खाल्ली की लोक ओरडायचं विसरले. विठ्ठलरावांनी झेंडी पाडली. भीमसिंग पहिला.

भोंगा खरखरला. "सोनडाबरी..." पंजाबराव थांबले. फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते भोंग्यातून दिसत नाही, पण ऐकू येते. "सोनडाबरी, बाभूळगाव तालुका. गटाबाहेर."

कपिल धावला. पट्टीच्या मधून, बैलांच्या समोरून. मंचावर चढून मामाच्या हातातला फोन हिसकला अन् वरच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मंग त्याला दिवाळीची खाट आठवली, चकली आठवली. "मामा, तारीख! तारीख पुढं हाये तुमची! यादी जुनी हाये!"

"तारीख पुढं हाये तं यादी जुनी कशी राहीन बे?" मामांनी भोंग्यातच विचारलं, अन् सारं मोहखेडं हसलं.

भीमसिंगनं छकड्याच्या बुडाखालून कुऱ्हाड काढली. सकाळपासून ती तिथं बांधलेली होती. मोहखेड्याच्या एकानं आधी त्याच्या बैलावर हात टाकला, सायकलची चैन बैलाच्या नाकाडावर ओढली. बैल रक्त उडवत उधळला, छकड्यासकट दोर तोडून गर्दीत शिरला. कोणाची मांडी चाकाखाली गेली, कोणी गुलालाच्या परातीत पडला. रक्त काय अन् गुलाल काय, काही कळेना. सोनडाबरीवाले दोराच्या अलीकडं आले. मंचाचा एक खांब गेला, मंडप अर्धा बसला. भीमसिंग कुऱ्हाड घेऊन सरळ मंचाकडं, अन् त्याच्या वाटेत, शेवटच्या रेघेवर, झेंडीची काठी आडवी धरून विठ्ठलराव.

"भीम्या, थांब!"

"सरक, म्हाताऱ्या!"

"नाई सरकत. मले दिसूनच नाई राह्यलं तं सरकू कुठी?"

भीमसिंगची कुऱ्हाड वर होती, पण ती थांबली. त्याचं त्यालाही नवल वाटलं असेल. अन् तेवढ्यात डावीकडून, म्हाताऱ्याच्या आंधळ्या अंगानं, पंजाबराव तुतारी घेऊन भीमसिंगवर आले. मागच्या सालच्याच जागेवर, मागच्या सालच्याच हातानं. भीमसिंग वाकला. तुतारी विठ्ठलरावांच्या तोंडाकडं आली.

कपिल मंचावरून उडी मारून पोचला होता. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं बापाच्या तोंडापुढं हात उघडा धरला. खिळा तळव्यातून शिरला अन् मागून निघाला. त्याचं टोक विठ्ठलरावांच्या उजव्या भुवईला टेकलं अन् तिथं थांबलं. भुवईवर रक्ताचा एक थेंब आला, बापाचा का पोराचा, सांगता आलं नसतं.

विठ्ठलरावांनी त्या एका डोळ्यानं पाह्यलं. आधी पोराचा हात, मंग तुतारी, मंग तुतारीच्या दुसऱ्या टोकाला साळा. झेंडीची काठी तेंदूची होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी फिरवली अन् पंजाबरावांच्या तोंडावर बसवली. पुढचे दात गेले. दुसरा तडाखा मनगटावर, तो हात पुन्हा तुतारी धरण्याच्या लायक राहिला नाही. तिसरा मारला असता, पण भीमसिंगनंच म्हाताऱ्याला मागून कवळा घातला. "बस कर दाजी, मरन तो."

"मरू दे. मागच्या सालीबी यानंच फोडला माहा डोया. समद्यायनं पाह्यलं. मीबी पाह्यलं, त्या डोयानं पाह्यलेलं थे शेवटचं."

रेघेला लागूनच्या बसत्या मंडपातला भोंगा चालूच होता. ते बोलणं नाल्याच्या त्या अंगापर्यंत गेलं. हात वर केलेल्या माणसांनी हात खाली घेतले, लाजून नाही, थकून. कपिल खाली बसला होता, तुतारी हातात तशीच. कोणीतरी ती ओढायला गेलं तर तो ओरडला, "आधी नाव लिहा! पयला नंबर, भीमसिंग राठोड, सोनडाबरी, तालुका राळेगाव!"

"फोनात?" नोंदणीवाल्यानं विचारलं.

"कागदावर लिह्य, भोकाच्या!"

कपिलच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. स्क्रू तो डाव्या हातानं पिळतो. यादी अजूनही फोनातच आहे, कोडच्या बाहेर, नेटशिवाय चालते. तारीख काढून त्यानं नंबर टाकला, सुरभीनं सांगितलेला. अन् एक वाढवलं, जे सुरभीनंही सांगितलं नव्हतं. फोन काही म्हणो, रेघेवरचा पंच गावाचा तालुका जागच्या जागी बदलू शकतो. मात्र कोणी बदलला त्याचं नाव मोठ्या अक्षरात सगळ्या फोनांवर येते. फोनाच्या आड लपायची सोय त्यानं ठेवली नाही.

टाके निघाल्यावर एक दिवस पंजाबराव दुकानात आले. तोंडात दात नाहीत, हात पट्ट्यात. त्यांनी मोठा फोन टेबलावर ठेवला. "भाच्या, याच्यात काई येऊनच नाई राह्यलं. टावर गेला वाट्टे."

कपिलनं डाव्या हातानं तारीख मागं आणली. फोन थरथरला, तीन महिन्यांचे निरोप धबाधबा पडू लागले.

"अन् आता खुशीचा मुहूर्त कसा पाहू मी?"

विठ्ठलराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले होते. साळा टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताच्या बाकावर बसू लागला, तसे ते बोलले, "तिकडं नाई, साळेबुवा. इकून बसा. मले दिसान असे."